वाघ्या, टायगर, शेरू आणि कोको

आजचा विषय हलकाफुलका वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. घरच्या कुत्र्याचं नाव ठरतं कसं?

संध्याकाळी सिडकोतल्या एखाद्या बागेजवळ उभे राहा. सिम्बा, ब्रुनो, कोको अशा हाका ऐकू येतात. शहराबाहेर एखाद्या शेतवस्तीवर जा, तिथे मोती, राजा, वाघ्या, टायगर.

आता गंमत बघा. वाघ्या, टायगर, शेरू. भाषा वेगळ्या, नाव जवळपास एकच. कारण काम एकच होतं, राखण. नाव ऐकूनच चोराला धडकी भरली पाहिजे! फ्लॅटमध्ये राखणीला वॉचमन आणि सीसीटीव्ही आहेत. कुत्रा सोफ्यावर झोपतो. मग तो होतो लाडू, बिस्किट, कोको. काम बदललं, नाव बदललं.

त्यातलं वाघ्या हे नाव फार मानाचं. आपल्या सातारा परिसरात खंडोबाचं मंदिर आहे. खंडोबासोबत कुत्रा असतोच, आणि त्याच्या भक्तांनाही वाघ्या म्हणतात. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून 2025 मध्येही वाद पेटला होता. इतिहासाचा वाद चालू राहील, पण नाव घरोघरी पोचलंय.

बाकी नावं पडद्यावरून आली. 1985 च्या 'तेरी मेहरबानियाँ'मध्ये मोती होता. 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन'चा टफी आला, आणि त्याच वर्षी 'लायन किंग'चा सिम्बा. स्वाहिली भाषेत सिम्बा म्हणजे सिंह. म्हणजे फिरून आपण वाघ-सिंहावरच आलो की!

आमच्याकडे बाबा म्हणायचे रॉकी, ताई म्हणायची ऑस्कर, आणि आजी म्हणायची बाळ्या. एकदा गेट उघडं राहिलं आणि स्वारी थेट मोठ्या रस्त्याकडे. सगळे आपापल्या नावानं ओरडतायत, हा पळतोच आहे. आजीनं दारातूनच "बाळ्याऽऽ" म्हटलं आणि गडी जागेवर थांबला. कारण त्या नावामागून रोज भाकरी यायची. त्या दिवसापासून तो सगळ्यांचाच बाळ्या.

म्हणून सांगतो, नाव छोटं ठेवा, दोन अक्षरी. 'बस', 'नको' यांच्यासारखं ऐकू येणारं नको. घरात सगळ्यांनी एकच नाव वापरा. आणि ते नाव घेऊन रागावू नका, नाहीतर हाक मारली की तो लांब पळेल. पट्टा सुटला की तुमच्या हातात फक्त नावच उरतं.

शेवटचं. गल्लीतल्या काळू, भुरीलाही नाव आपणच देतो. 2023 च्या नियमांत अशा कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलंय. पण त्यांचं लसीचं कार्ड कोणाकडे असतं? रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. नाव ठेवायला पैसे लागत नाहीत. लसीला लागतात, पण गल्लीत दहा घरांनी वर्गणी काढली तर कोणालाच जड नाही.

तर कमेंटमध्ये तुमच्या कुत्र्याचं नाव लिहा, आणि शेजारी शेवटच्या लसीची तारीखही. आठवत नसेल तर आज कार्ड शोधा. भेटू पुढच्या भागात!