बेरीज डब्यात मावली नाही तर?

आजचा विषय आहे दोन आकड्यांची बेरीज. हसू नका, पहिलीतलं गणित नाहीये हे. प्रश्न असा आहे की बेरजेचं उत्तर कॉम्प्युटरने ठेवलेल्या जागेत मावलंच नाही, तर काय करायचं? याला म्हणतात इंटीजर ओव्हरफ्लो. आणि हे उत्तर चुकलं तर नुसता हिशोब चुकत नाही, कधी कधी तुमचा फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

आधी डबा समजून घेऊ. जावामध्ये साधा इंटीजर ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. म्हणजे साधारण २१४ कोटी. त्यात एक मिळवला की काय होतं? जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचं ना, तसंच. फरक इतकाच की इथे मीटर शून्यावर न येता थेट उणे २१४ कोटींवर जातं. एरर नाही, सूचना नाही. प्रोग्रॅम आपला पुढे चालूच.

आता एक खरी गोष्ट. बायनरी सर्च तुम्ही कॉलेजात शिकला असाल. क्रमाने लावलेल्या यादीचा मधला घटक बघायचा, मग डावीकडे जायचं की उजवीकडे ते ठरवायचं. मधली जागा कशी काढायची? खालची सीमा अधिक वरची सीमा, भागिले दोन. सोपं आहे. जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या गाजलेल्या पुस्तकातही असंच होतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही असंच होतं, आणि ती लिहिणारे होते जोशुआ ब्लॉक. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीरपणे लिहिलं की या ओळीत बग आहे, आणि जावामध्ये तो सुमारे नऊ वर्षं बसून होता.

कसा? समजा खालची सीमा १०० कोटी आणि वरची १२० कोटी. दोन्ही डब्यात आरामात मावतात. मधली जागा ११० कोटी, तीही मावते. पण मधल्या पायरीतली बेरीज २२० कोटी, ती मावत नाही! मीटर फिरतं, आणि मधली जागा येते उणे १०४ कोटी. उणे नंबरचा घटक कुठून आणणार? प्रोग्रॅम कोसळतो.

उपाय एका ओळीचा आहे. वरच्या सीमेतून खालची वजा करा, त्याचं अर्धं करा, आणि ते खालच्या सीमेत मिळवा. १०० अधिक १०, ११० कोटी. उत्तर तेच, पण वाटेत कुठेही डबा भरून वाहत नाही.

जावामध्ये निदान प्रोग्रॅम कोसळतो, म्हणजे कळतं तरी. सी, सी प्लस प्लसमध्ये गोष्ट जास्त गंभीर होते, कारण तिथे हा आकडा बऱ्याचदा मेमरी मागायला वापरतात. एक फोटो घ्या. ४०,००० पिक्सेल रुंद, ३०,००० उंच, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. गुणाकार ४८० कोटी. ३२ बिटांच्या धन आकड्यात मावतात जेमतेम ४२९ कोटी. मग उरतात फक्त ५० कोटी. लायब्ररी ५० कोटी बाइट जागा मागते आणि लिहायला बसते ४८० कोटी! बाकीचं जातं शेजारच्या मेमरीत. हल्लेखोराला नेमकं हेच हवं असतं.

ही नुसती कल्पना नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाच्या त्रुटी सापडल्या. व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीतल्या त्या त्रुटींपैकी काही याच जातीच्या होत्या. पुढे अँड्रॉइड ७ मध्ये त्या लायब्ररीला असं बांधलं की ओव्हरफ्लो झाला तर ती प्रोसेसच थांबते. व्हिडिओ बंद पडेल, पण चोर आत येणार नाही.

रस्टसारख्या सुरक्षिततेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाषेलाही हे चुकलं नाही. एखादा शब्द अमुक वेळा परत लिहा, असं सांगणारं ‘रिपीट’ फंक्शन तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. लांबी गुणिले संख्या हा गुणाकार तिथे तपासलेला नव्हता. २०१८ मध्ये, १.२९.१ या आवृत्तीत तो दुरुस्त केला.

मग करायचं काय? मार्ग चारच आहेत. एक, मीटर फिरू द्या. हॅशिंगमध्ये हे खरंच हवं असतं. दोन, टोकाला अडकून राहा. आवाजाचा व्हॉल्यूम शंभरच्या वर जात नाही तसं. तीन, ‘उत्तर नाही’ असं परत सांगा आणि पुढचा निर्णय वापरणाऱ्यावर सोडा. चार, तिथल्या तिथे थांबा. रस्टमध्ये या कामांसाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत: रॅपिंग ॲड, सॅच्युरेटिंग ॲड, चेक्ड ॲड. स्विफ्टमध्ये साधं अधिकचं चिन्हच मावलं नाही तर थांबतं. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ ला, ॲड एक्झॅक्ट आणि मल्टिप्लाय एक्झॅक्ट आले. ते एक्सेप्शन फेकतात. पायथॉनमध्ये डबाच वाढत जातो, फक्त त्याची किंमत वेग आणि मेमरीत मोजावी लागते.

चारपैकी कुठलाही मार्ग योग्य असू शकतो. चूक एकच: काहीच न ठरवणं. आणि लायब्ररी लिहिणाऱ्याने तर ते ठरवायलाच हवं, कारण त्याची एक ओळ लाखो ॲप्समध्ये जाते आणि ती ॲप्स लिहिणारे ती ओळ कधी उघडूनही बघत नाहीत.

जाता जाता एक सल्ला. तपासणी बेरीज करण्याआधी करा. सीमध्ये ‘आधी बेरीज करू, उत्तर उणे आलं तर बघू’ हे चालत नाही. कारण चिन्ह असलेल्या आकड्यांचा ओव्हरफ्लो होणारच नाही असं कंपायलर गृहीत धरतो, आणि तुमची तपासणीच काढून टाकू शकतो. कुलूप चोरी व्हायच्या आधी लावायचं असतं!

आज घरी गेल्यावर तुमच्या प्रोजेक्टमध्ये एकच गोष्ट शोधा. बाहेरून आलेल्या आकड्याला कुठे गुणलंय, आणि त्या उत्तरावर मेमरी किंवा पैसे ठरतात का? सापडलं तर चारपैकी कुठला मार्ग निवडला आणि का, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, शिकत राहा!