वस्तीची बाग आणि नगरीचा खजिना



शहरांतील बाग ही शोभेची वस्तु आहे, खजिन्यांत चार पैसे उरले तर ती करावी, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. तो समज तपासून पाहावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

ज्याच्या घराला अंगण आहे, त्याला बाग हा विरंगुळा. परंतु एकाच खोलींत राहणाऱ्या कुटुंबाला ती घराचीच ओसरी होय. तेथें मूल धावतें, म्हातारा सांजवेळीं टेकतो. शाळेंत अनेक वर्षें घालविल्यावर मी एवढें सांगूं शकतों, कीं खेळायला जागा नसलेलें मूल वर्गांतहि स्वस्थ बसत नाहीं.

मग अशा वस्तींतच मैदान कां नसावें? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास-योजनेंत खासगी जमीन मैदानासाठीं राखून ठेवतां येते. पण दहा वर्षांत तिच्या संपादनाची कार्यवाही झाली नाहीं, तर मालक सूचना देऊं शकतो. त्यानंतरची ठराविक मुदतहि टळली, कीं आरक्षण संपतें. नकाशावरील हिरवा ठिपका पुसला जातो, तो बहुधा पैशाअभावीं.

कोणी म्हणेल, हें काम धनिकांच्या देणगीवर सोपवा. परंतु देणगी सहसा दात्याच्या दाराजवळच फुलते. शिवाय १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें उद्यानें व क्रीडांगणें हा विषय नगरपालिकांच्या कार्यांच्या यादींत घातला आहे. तें दान नव्हे, कर्तव्य आहे.

आणि तें अशक्यहि नाहीं. धारावीलगत, मिठी नदीच्या कांठीं, जेथें मुंबईचा कचरा टाकला जाई, तेथें १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलें झालें. तें सुमारें ३७ एकरांचें आहे. अर्थात् तें निसर्ग-शिक्षणाचें वन. रोजच्या चेंडूला गल्लीजवळचें मैदानच हवें. त्यासाठीं जमिनीला पैसा लागतो, आणि पुढें माळी, पाणी व दिवे यांसाठीं दरसाल लागतो. हा दुसरा खर्च विसरला, तर बाग दोन उन्हाळ्यांत उकिरडा होते.

पालिकेचें अंदाजपत्रक दरवर्षीं मांडलें जातें. बागांना किती रक्कम मिळाली एवढेंच न पाहतां, ती कोणत्या प्रभागांत गेली हें आपण विचारावें. खोलींत राहणारा मजूरहि बाजारांत अनेक वस्तूंवर कर भरतो. त्याच्या मुलासाठीं मैदान मागणें हा उपकार नव्हे. तो त्याचा वांटा आहे.