वाहिनी बदलतांना खोळंबलेली रांग

पांझरेच्या एका तीरास जुनें धुळें आणि दुसऱ्या तीरास देवपूर. मधल्या पुलांवरून दिवसभर माणसांची व वाहनांची ये-जा चाललेली असते. पावसाळ्यांत नदी फुगली कीं पूल बंद करावा लागतो. बंदोबस्ताचा शिपाई दोन्ही तोंडांशीं अडथळा उभा करतो खरा. परंतु तेवढ्यानें पूल मोकळा होत नाहीं. आधींच पुलावर चढलेली गाडी पार होईपर्यंत त्याला थांबावेंच लागतें. ‘प्रवेश थांबविणें’ आणि ‘मार्ग रिकामा होणें’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला आजचा विषय निम्मा समजला.

देवपुरांतील एखाद्या घरीं सायंकाळीं आई परगांवीं शिकणाऱ्या मुलीशीं बोलत बसली आहे. भिंतीवरच्या वाय-फाय पेटीचा दिवा लुकलुकतो आहे. बोलतां बोलतां मुलीचें चित्र क्षणभर गोठतें आणि पुन्हा हालूं लागतें. त्या क्षणांत पेटीनें आपली वाहिनी, म्हणजे बोलण्याची कंपनसंख्या, बदललेली असणें शक्य आहे.

ती बदलावी कां लागते? पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा कांहीं भाग हवामान-रडारांच्याहि उपयोगाचा आहे. २००९ मध्यें पोर्टो रिकोंतील सान हुआन येथील विमानतळाच्या रडारावर असल्याच बिनतारी यंत्रांमुळें व्यत्यय येऊं लागला, व अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञांना त्याचा माग काढावा लागला. वादळ कोठें आहे हें वैमानिकाला सांगणाऱ्या चित्रांत खोट्या रेघा उमटणें ही थट्टा नव्हे. म्हणून अमेरिकन नियम असा, कीं अशा वाहिनीवर बोलण्यापूर्वीं ६० सेकंद नुसतें ऐकावें. पुढें रडाराची चाहूल लागली तर १० सेकंदांत ती वाहिनी सोडावी, आणि ३० मिनिटें तिकडे फिरकूं नये. त्या १० सेकंदांतहि घरचें संभाषण रेटीत राहण्याची मुभा नाहीं. भारतांत २०१८ च्या ऑक्टोबरांत या पट्ट्यांतील ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरण्यास खुले झाले. तेव्हां हा प्रश्न परदेशापुरता राहिलेला नाहीं.

पेटी वाहिनी सोडण्याआधीं दवंडी पिटते. दर सेकंदास सुमारें दहा वेळां ती आपल्या अस्तित्वाची घोषणा करीतच असते. त्या घोषणेंतच ‘अमुक वाहिनीवर जावयाचें आहे, इतक्या घोषणा उरल्या’ असा उलटा आंकडा येऊं लागतो. सोबत एक खूण असते. ती खूण लावलेली असेल तर ऐकणाऱ्या यंत्रांनीं त्याच क्षणापासून मौन धरावयाचें. नसेल तर स्थलांतराच्या घटकेपर्यंत बोलत राहण्यास हरकत नाहीं.

मौन धरणें सोपें वाटतें. खरी गंमत येथेंच आहे. लिनक्सच्या गाभ्यांत पाठवावयाचीं पाकिटें एका ठिकाणीं नसतात. कांहीं वरच्या मजल्यावर जाळ्याच्या सामाईक रांगेंत, कांहीं मधल्या बिनतारी विभागांत (हा विभाग २००७ सालीं गाभ्यांत आला), तर कांहीं थेट यंत्राच्या स्वाधीन झालेलीं असतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानें वरची रांग थांबविली म्हणजे नवीं पाकिटें येणें थांबतें. पुलावर चढलेलीं मात्र चाललेलींच असतात. तीं पार होण्याची वाट पाहावी, अथवा तीं टाकून द्यावीं, आणि मगच यंत्राचा सूर बदलावा. हा क्रम चुकला तर जुन्या वाहिनीसाठीं सिद्ध केलेलें पाकीट, जुन्याच शक्तिमर्यादेसह, नव्या वाहिनीवर बाहेर पडतें. किंवा जेथें कोणी ऐकत नाहीं तेथें तें पुनःपुन्हा ओरडून अखेर फुकट जातें.

वाट पाहावी कीं टाकून द्यावें? पत्र असेल तर राखावें. बोलणें असेल तर उशिरां पोंचलेला शब्द न पोंचलेलाच बरा. लांब रांग जपून ठेवणारा ड्रायव्हर फार दयाळू दिसतो, पण त्याच्या दयेनें संभाषणाची नाडी बिघडते.

याहून फसवी चूक रांग पुन्हा सुरू करतांना होते. रांग केवळ वाहिनी बदलण्यासाठींच थांबत नाहीं. यंत्राचें कोठार भरलें तरीहि ड्रायव्हर ती थांबवितो, व एक पाकीट बाहेर गेलें कीं सुरू करतो. आतां वाहिनी बदलत असतांनाच जुनें पाकीट संपल्याची वर्दी आली, तर भाबडा ड्रायव्हर अर्ध्या वाटेवरच दार उघडील. म्हणून लिनक्सच्या बिनतारी विभागांत प्रत्येक रांगेपुढें थांबण्याचीं कारणें निरनिराळीं नोंदलेलीं असतात. एक कारण मिटलें तरी दुसरें शिल्लक असेपर्यंत रांग हालत नाहीं. एकाच कारणासाठीं दोघांनीं रांग अडविली असेल तर किती जणांनीं अडविली याचाहि हिशेब लागतो. नाहीं तर पहिल्यानें हात काढतांच दुसऱ्याचा अडसर कोसळतो.

उलट बाजूची चूकहि तितकीच वाईट. नवी वाहिनी मिळालीच नाहीं, यंत्रानें नकार दिला, तर त्या आडवाटेवरहि ‘रांग सुरू करा’ ही आज्ञा असलीच पाहिजे. ती राहून गेली म्हणजे पेटीचा दिवा जळतो, फोनवर खूण पूर्ण दिसते, आणि एकहि अक्षर जात नाहीं. गृहिणी पेटीची कळ बंद करून पुन्हा लावते, तिचें काम होतें, व दोष मात्र कोणाच्याच नजरेस येत नाहीं.

या विद्येला महागडी प्रयोगशाळा लागत नाहीं. लिनक्सच्या गाभ्यांतच कल्पित रेडिओ निर्माण करणारा एक भाग आहे. त्याच्या जोरावर एकाच संगणकांत पेटीहि उभी करतां येते आणि तिचे ग्राहकहि, एकहि लहर हवेंत न सोडतां. देवपुरांत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यानें ही कल्पित पेटी चालूं करावी, रांगेंत भरपूर पाकिटें भरावीं, ऐन गर्दींत वाहिनी बदलण्याची आज्ञा द्यावी, आणि कोणतें पाकीट कोणत्या वाहिनीवर बाहेर पडलें हें एकेक मोजून पाहावें.