नोंद शोधणाऱ्या यंत्राला काय सांगावे



नोंदी जपणारे, नोंदी शोधणारे आणि आता नोंदी शोधणारी यंत्रे घडवणारे असे अमरावती-अकोल्याचे लोक आज एका मंडपात बसले आहेत. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : एआय एजंटच्या हाती आपण जे टूल देतो, त्याच्या वर्णनावर. एजंटला अभिलेख कक्ष दिसत नाही, दप्तराचे गठ्ठे दिसत नाहीत. टूलचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणते रकाने भरायचे याची यादी, एवढ्यावर त्याला काम भागवावे लागते. एजंटला टूल जोडण्यासाठी 2024 मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या पद्धतीतही मांडणी हीच आहे. माझे म्हणणे असे, की टूल काय देते यापेक्षा ते काय देत नाही, हे या वर्णनात अधिक काळजीने लिहिले पाहिजे. आणि ते लिहिताना दप्तर जाणणारा माणूस शेजारी बसलेला हवा.

आठ-अ चेच घ्या. 'खातेदाराच्या जमिनीची माहिती देते' हे वर्णन वाचायला स्वच्छ आहे आणि तरीही घातक आहे. आठ-अ हा खातेदाराच्या एका गावातल्या जमिनीचा उतारा असतो. समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे वावर दोन गावांत आहे. तो अल्पभूधारक आहे का, असे विचारल्यावर एजंट पहिल्या गावचा 1.60 हेक्टरचा उतारा काढतो, दोन हेक्टरची मर्यादा पाहतो आणि 'होय' म्हणतो. दुसऱ्या गावातले दीड हेक्टर हिशेबात येतच नाही. नोंद खरी, बेरीज बरोबर, उत्तर मात्र चूक. कारण वर्णनात 'एका गावापुरते' हे दोन शब्द नव्हते. वर्षाचेही तसेच. महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपते. गाव नमुना बारामधली पिके शोधताना 'वर्ष 2022' एवढेच भरले, तर फेब्रुवारीतला हरभरा हवा की सप्टेंबरमधली उभी कपाशी? पहिला 2021-22 मध्ये सापडेल, दुसरी 2022-23 मध्ये. रकान्यापुढे 'महसुली वर्ष, 2021-22 असे लिहावे' ही एक ओळ असली, की घोळ संपतो.

त्याहून गंभीर प्रश्न रिकाम्या उत्तराचा आहे, आणि आपल्या वऱ्हाडात तो वारंवार येणार आहे. वाशिम पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता. 1905 च्या फेररचनेत वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले; वाशिमचा बराचसा भाग अकोल्यात गेला, एलिचपूर अमरावतीत. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा वेगळा झाला. आता 1985 चा फेरफार कोणी 'जिल्हा वाशिम' असे घालून शोधला आणि सूची त्या काळच्या जिल्ह्यानुसार लावलेली असली, तर शून्य नोंदी येतील. नोंद अकोल्याखाली सुरक्षित असेल आणि एजंट सांगेल, 'असा फेरफार झालेला नाही.' कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून शोधली जाते. वारसाचा हक्क फेरफारावरून पाहिला जातो. तिथे 'सापडली नाही', 'ते दप्तर अजून स्कॅन झालेले नाही' आणि 'तपासले, नोंद नाही' या तीन उत्तरांतले अंतर एखाद्या कुटुंबाच्या पिढ्यांना पुरते. वर्णनात या तिन्हींना वेगळी नावे हवीत आणि प्रत्येकानंतर पुढे काय करायचे तेही हवे.

यावर आक्षेप येतो, की मॉडेले दिवसेंदिवस हुशार होत आहेत, तीच समजून घेतील. हुशारीने तर्क सुधारतो, हे मान्य. पण एखाद्या तालुक्याचे कोणत्या सालापासूनचे दप्तर या टूलमध्ये चढवले आहे, हे तर्काने कळणार कसे? ते कोणीतरी सांगावेच लागते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : लांब वर्णने एजंटच्या मर्यादित स्मृतीत जागा अडवतात आणि वीस टूल असली, की नेमके महत्त्वाचे वाक्य हरवते. म्हणूनच सातबाऱ्याचा इतिहास वर्णनात घालू नये. वर्णनात व्याप्ती, एकक, वर्षाची पद्धत आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ यावा, बाकीचे गाळावे. तिसरे म्हणणे असे, की या चुका प्रोग्रामनेच अडवाव्यात. जरूर अडवाव्यात, चुकीच्या पद्धतीने लिहिलेले वर्ष प्रोग्राम परत पाठवू शकतो. पण एका गावचा उतारा मागणे ही चूक नाही, ती रास्त मागणी आहे. तो उतारा सगळ्या जमिनीचा समजणे ही चूक आहे, आणि ती प्रोग्रामच्या पलीकडे, वाचणाऱ्याच्या समजुतीत घडते.

तेव्हा या संमेलनापुढे माझी सूचना अशी. प्रत्येक टूलचे वर्णन प्रोग्रामर आणि अभिलेखपाल यांनी एकत्र बसून लिहावे. मग ज्यांची उत्तरे दप्तरात हाताने तपासून ठेवली आहेत, असे प्रश्न एजंटला घालावेत : दोन गावांतला खातेदार, 1998 पूर्वीचा वाशिमचा फेरफार, फाटलेल्या पानावरची नोंद. उत्तर चुकले, तर मॉडेल बदलण्याआधी वर्णनातले वाक्य बदलून पाहावे, आणि ते का बदलले हे तारखेसह लिहून ठेवावे.