कुंपणाचा खांब आणि जमिनीखालच्या वाहिन्या

अंगणाची मालकी खरेदीखताने ठरते, परंतु त्या अंगणात एक-दोन हात खोलीवर जे पुरलेले असते त्याची मालकी पुष्कळदा दुसऱ्याची असते आणि त्याची माहितीही दुसऱ्याकडेच असते. कुंपणाचा खांब रोवताना किंवा झाडासाठी खड्डा घेताना वीजकेबल अथवा गॅसवाहिनी तुटते, तेव्हा त्या अपघाताचे मूळ बहुधा या फारकतीत सापडते. अमेरिकेत हा प्रश्न विशेष ठळक दिसतो, कारण तेथील उपनगरांतील घरांना स्वतंत्र अंगण असते, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नव्या वसाहतींत विजेच्या तारा खांबांवर न ओढता जमिनीखालून नेण्याची पद्धत रूढ होत गेली, आणि मजुरी महाग असल्यामुळे अंगणातली बरीच कामे घरमालक सुटीच्या दिवशी भाड्याच्या यंत्राने स्वतःच उरकतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून थेट अशा घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना पायाखालच्या या जाळ्याची कल्पना नसणे स्वाभाविकच आहे.

वाहिन्या खोल असतात आणि घरगुती खड्डा तिथवर पोहोचत नाही, हा समज सर्वांत घातक होय. अमेरिकेच्या संघराज्यीय नियमानुसार रस्त्याखालची मुख्य गॅसवाहिनी साधारणतः किमान 24 इंच मातीखाली असावी लागते, पण तिच्यातून फुटून घराकडे येणाऱ्या शाखेला खासगी जागेत 12 इंचांचे आच्छादन पुरते. नळीविना थेट मातीत पुरलेल्या वीजकेबलसाठी 24 इंचांची अट असली, तरी गळती होताच प्रवाह तोडणारे संरक्षण बसवलेल्या छोट्या घरगुती परिपथाला 12 इंचांची सवलत मिळते. आणि दूरध्वनी वा इंटरनेटची घरापर्यंतची केबल तर कित्येकदा हिरवळीच्या मुळांपासून फार खाली नसते. याउलट, उत्तरेकडील थंड राज्यांत हिवाळ्यात माती गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो, म्हणून बांधकामाचा पाया गोठणरेषेखाली, म्हणजे मिनेसोटात जागेनुसार 42 किंवा 60 इंच, न्यावा लागतो. घराला लागून लाकडी ओटा बांधणारा मनुष्य नियम पाळतो म्हणूनच गॅस आणि विजेच्या थरातून आरपार जातो, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. शिवाय नियमातली खोली वाहिनी टाकतेवेळची असते. पुढे कोणी अंगण सपाट करताना वीतभर माती काढून नेली, तर तो बदल कुठल्याही नकाशावर चढत नाही.

या अज्ञानावरचा उपाय म्हणून अमेरिकेत 2007 सालापासून 811 हा राष्ट्रीय क्रमांक सुरू आहे. घरमालकाने खोदण्याच्या काही दिवस आधी, बहुतेक राज्यांत दोन-तीन कामाचे दिवस अगोदर, त्यावर कळवायचे असते. मग त्या भागात वाहिन्या असलेल्या सभासद कंपन्यांना सूचना जाते आणि त्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात. लाल रंग विजेचा, पिवळा गॅसचा, नारिंगी दूरसंचाराचा, निळा पिण्याच्या पाण्याचा, हिरवा सांडपाण्याचा, तर प्रस्तावित खोदकामाची जागा पांढऱ्या रंगाने दाखवली जाते. घरमालकाला यासाठी शुल्क पडत नाही. धातूच्या वाहिनीत विशिष्ट वारंवारतेचा प्रवाह सोडून त्याचे चुंबकीय क्षेत्र वरून टिपायचे, हे शोधयंत्राचे तत्त्व होय. प्लॅस्टिकची नळी असा प्रवाह वाहून नेत नसल्यामुळे तिच्यासोबत तांब्याची शोधतार पुरतात, आणि ती तार तुटलेली असली तर शोध अवघड होतो. खूण ही दिशा सांगते, खोलीची हमी देत नाही. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना, राज्याच्या कायद्यानुसार बहुधा 18 ते 24 इंचांच्या पट्ट्यात, यंत्र न वापरता हाताने सावकाश खोदण्याची अपेक्षा असते.

तरीही या व्यवस्थेत एक मोठे भगदाड आहे. कंपनीची जबाबदारी सामान्यतः मीटरपाशी संपते. तेथून पुढे अंगणातल्या शेगडीकडे नेलेली गॅसनळी, अवजारांच्या खोलीकडे गेलेली केबल, पोहण्याच्या तलावाची वा फवाऱ्यांची जोडणी या सर्व खासगी वाहिन्या असून 811 ची माणसे त्यांच्यावर खुणा करीत नाहीत. अशा वाहिन्या अनेकदा आधीच्या मालकाने टाकलेल्या असतात आणि घर विकताना त्यांची माहिती त्याच्यासोबतच निघून जाते. स्वच्छ रंगवलेल्या अंगणाकडे पाहून उरलेली जागा मोकळी आहे असे मानणारा मनुष्य, खुणाच नसलेल्या अंगणातल्या माणसापेक्षा अधिक निर्धास्तपणे कुदळ चालवतो, आणि हा धोका व्यवस्थेनेच नकळत निर्माण केला आहे असे म्हणावे लागेल.

तुटलेली वाहिनी निदान कळते. नुसती खरचटलेली वाहिनी झाकली जाते. पोलादी नळीवरचे संरक्षक वेष्टन निघाले की तेथून गंज धरतो, आणि केबलच्या आवरणाला पडलेल्या चिरेतून ओल आत शिरून बिघाड काही महिन्यांनी प्रकटतो. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे 10 जून 1999 रोजी पेट्रोलवाहिनी फुटली, सुमारे 2 लाख 37 हजार गॅलन इंधन ओढ्यात वाहून पेटले आणि तीन मुलगे दगावले. तपासात निष्पन्न झाले की त्या वाहिनीला पाच वर्षांपूर्वी, 1994 साली, जलशुद्धीकरण केंद्राच्या खोदकामात इजा झाली होती. झडपा व संगणकीय नियंत्रणातील दोषही त्या दुर्घटनेस कारणीभूत होते आणि ते काम अंगणातले नव्हते, परंतु घाव आणि परिणाम यांत किती काळ लोटू शकतो याचे ते भीषण उदाहरण आहे. म्हणूनच ओरखडा कितीही किरकोळ दिसला तरी माती लोटण्यापूर्वी कंपनीला कळवावे लागते. गॅस बाहेर पडू लागला तर भोक बुजवण्याच्या किंवा झडप फिरवण्याच्या भानगडीत न पडता, दिवे वा यंत्रांच्या बटणांना हात न लावता दूर जाऊन 911 या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे असते. वासावर मात्र सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण गॅसमध्ये मिसळलेले गंधद्रव्य मातीत शोषले जाऊ शकते आणि वास उरलेला नसताना गॅस जमिनीतून सरकत तळघरात साचू शकतो.

भारतात खोदण्यापूर्वी कळवण्यासाठीच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपचे 22 मार्च 2023 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा ऑप्टिकल फायबर तुटण्याने दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते असा सरकारी अंदाज मांडण्यात आला होता. रस्ते खोदणाऱ्या यंत्रणा आणि कंत्राटदार यांच्यासाठी हे साधन उपयुक्त आहे. पण बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या वाहनतळाखाली असते ते निराळे जग. मीटरपासून टाकीकडे जाणारी पाण्याची लाइन, बोअरवेलच्या पंपाची केबल, फाटकापाशी दिव्याला नेलेली वायर यांपैकी बरेचसे केवळ त्या वेळच्या प्लंबरला वा वायरमनला ठाऊक असते. भारतीय मानक आयएस 1255 कमी दाबाच्या वीजकेबलसाठी 0.75 मीटर आणि 11 किलोव्होल्टपर्यंतच्या केबलसाठी 0.9 मीटर किमान खोली सांगते, मात्र आवारातल्या दिव्याची वायर त्या मानकाला विचारून पुरलेली असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून नवी वाहिनी टाकल्यावर चर बुजवण्याआधी आवाराच्या भिंतीपासूनची अंतरे टेपने मोजून, टेप दिसेल असे छायाचित्र घेऊन ते सोसायटीच्या कागदपत्रांत ठेवण्यास खर्च जवळजवळ येत नाही. हे काम कंत्राटदाराचे अंतिम बिल चुकते करण्याआधी करून घ्यावे, कारण त्यानंतर तो क्वचितच फिरकतो.