गाडीमागची होडी

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणावरून)



मला बँकेच्या आठवणी सांगायला उभं केलंय. पण त्या ऐकून तुम्ही दूध आटायच्या आत झोपाल. म्हणून आपल्या फाटकात एकदा होडी येऊन उभी राहिली होती, तिची गोष्ट सांगतो.

पुण्याच्या माझ्या पुतण्याला शिडाच्या होडीचा नाद. हा नाद काही परका नाही. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी त्यात सुवर्णपदक मिळवलं. पुतण्याची होडी एंटरप्राइज जातीची, म्हणजे चार मीटर लांब आणि नुसता सांगाडा ९४ किलोचा. ती दोन चाकी ट्रेलरवर बांधून, साध्या घरच्या मोटारीमागे लावून तो तापोळ्याला शिवसागरावर निघाला होता. मुक्काम आमच्याकडे.

मी आधी कागद मागितले. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच धरतात, म्हणून नोंदणी आणि विमा पाहिला. खोड जात नाही! कागद चोख होते. पण पुतण्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, खंबाटकी उतरताना ट्रेलर साप वळवळावा तसा डुलायला लागला. ब्रेक लावावा तर जास्तच." मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची मुलगी होती. माझ्या पोटात गोळा आला.

आपल्या वॉचमनमामांनी ट्रेलरची जोडणी सोडवली, दांडा धरला, तर तो दोन बोटांनी वर आला. मामा हसले. "सायेब, गाडी उलाळ झालीया. वजन म्होरं घ्या." आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस. भार मागे गेला की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, हे त्यांना शाळेत शिकवावं लागलं नाही. मी मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलीची कितीतरी कर्जं मंजूर केली, तारण मोजलं, पण ट्रॉलीत माल कुठे भरायचा हे कधी विचारलं नाही.

मोटारीचंही तसंच आहे. ट्रेलरचं शेपूट जड झालं की दांडा मोटारीचा मागचा भाग वर उचलतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि झोके सुरू होतात. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा.

मी घरातला वजनकाटा आणला. हुकाच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा त्यावर ठेवून दांडा टेकवला, तर चार किलो! सगळं मिळून वजन तीनशेच्या घरात. त्याचा पाच ते दहा टक्के, म्हणजे पंधरा ते तीस किलो भार दांड्यावर हवा. होडीच्या मागच्या टोकाला नांगर, पाण्याचे कॅन आणि तंबू कोंबलेले होते. ते पुढे सरकवल्यावर काटा बावीसवर आला. मामांनी पुन्हा दांडा उचलून पाहिला आणि मान डोलावली. काट्यापेक्षा मला त्या मानेचा धीर जास्त वाटला.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. केळघर घाट चढून महाबळेश्वर, मग तापोळ्याचा लांबलचक वळणांचा उतार. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता, म्हणजे ते तीनशे किलो मोटारीलाच ढकलणार. सगळा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागे हॉर्न वाजत होते, वाजू दिले. जागा मिळाली की बाजूला थांबून रस्ता द्यायचा. ट्रेलर एकदाही डुलला नाही.

काठावर पुतण्या लगेच डोलकाठी उभी करायला लागला. मी वर बोट दाखवलं. पुढच्या वाटेवर विजेच्या तारा होत्या आणि काठी ॲल्युमिनियमची. तारांखालून पलीकडे गेल्यावरच ती उभी केली. शिवाय घाट उतरून चाकांची बेअरिंगं तापलेली. तशीच थंड पाण्यात घातली तर आत पाणी ओढतात आणि वंगण खराब होतं. म्हणून टपरीवर बसून चहा घेतला. नात दर दोन मिनिटांनी विचारायची, "आजोबा, चाक गार झालं?"