दोन डासांचा निबंध

हैदराबादेहून सिकंदराबादेकडे निघाले म्हणजे वाटेत बेगमपेठ लागते. तेथे एक जुनी वास्तू आहे. शाळेच्या मुलांना घेऊन मी तेथे दोन-तीनदा गेले आहे. मुलांची प्रथम निराशा होते. ‘बाई, येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे ती विचारतात. मग मी त्यांना सांगते, की याच ठिकाणी २० ऑगस्ट १८९७ रोजी एका माणसाने एका डासाचे पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि हिवताप माणसामाणसांत कसा पसरतो या कोड्याची किल्ली त्याच्या हाती आली. त्या माणसाचे नाव रोनाल्ड रॉस. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर ‘डास दिन’ म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

शोधाची ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी क्रमिक पुस्तकात वाचली असेल. मला आज बोलावयाचे आहे ते तिच्या उत्तरार्धाविषयी. डोळ्यांनी जे पाहिले ते कागदावर उतरवून वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविणे, या कामाविषयी. मी काही डॉक्टर नव्हे. शाळेत शिकविणारी एक शिक्षिका आहे. तरीही हा विषय मी का निवडला, ते ओघाने कळेलच.

प्रथम रॉस यांच्याकडे वळू. हिवतापाचा सूक्ष्म जंतू रोग्याच्या रक्तात असतो, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनी १८८० साली अल्जीरियात दाखवून दिले होते. हा जंतू डासाच्या शरीरात जात असावा, असे लंडनमधील डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांचे अनुमान होते. परंतु अनुमान निराळे आणि प्रत्यक्ष दर्शन निराळे. भारतातील वैद्यकीय सेवेत असलेले रॉस दोन वर्षे डास फाडून पाहत होते. शेकडो डास झाले, हाती काही लागले नाही. अखेर सिकंदराबादेस पंखांवर ठिपके असलेले वेगळ्या जातीचे डास त्यांना मिळाले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला त्यांनी ते चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत २० तारखेस काळसर रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्याच पेशी आणखी वाढलेल्या दिसल्या.

आता विचार करा. दोन वर्षांच्या श्रमानंतर ज्याला हे दिसले, त्याने निबंधाला काय नाव द्यावे? ‘हिवतापाचे रहस्य उलगडले’ असे नाव देण्याचा मोह कोणास झाला नसता? रॉस यांच्या निबंधाचे नाव, मराठीत सांगावयाचे तर, असे होते: ‘हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विशेष रंगकणयुक्त पेशींविषयी’. दोन डास! आकडा त्यांनी लपविला नाही, उलट शीर्षकातच घातला. त्या पेशींना त्यांनी ‘विशेष’ एवढेच म्हटले, कारण त्या हिवतापाच्या जंतूच्याच आहेत, हे त्यांच्या मनाने जरी घेतले असले, तरी ते सिद्ध व्हावयाचे होते.

त्या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना ठाऊक नव्हते. त्यांनी उसने नाव चिकटविले नाही. डास दिसतो कसा, त्याच्या पंखांवर ठिपके कसे आहेत, त्याची अंडी जुन्या काळच्या होडीच्या आकाराची कशी आहेत, याचे वर्णन केले. दुसऱ्या कोणास तोच डास शोधावयाचा झाला, तर त्याला तो सापडावा! शिवाय आपल्या काचपट्ट्या त्यांनी डॉ. स्मायथ या दुसऱ्या लष्करी डॉक्टरला दाखविल्या, आणि त्याचे टिपण निबंधासोबत जोडले. ‘मी पाहिले’ एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. ‘यांनीही पाहिले’ असे त्यांना म्हणावयाचे होते. हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १८ डिसेंबर १८९७ च्या अंकात छापून आला. आगबोटीच्या टपालाच्या त्या काळात चार महिन्यांच्या आत सिकंदराबादेतील गोष्ट लंडनमध्ये छापली गेली.

पुढे १८९८ साली रॉस यांनी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून तो जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो, हे दाखविले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाबाबत ॲनोफिलिस डासाचा संबंध सिद्ध केला. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात पुढे कडू वाद झाला, तोही आपण विसरू नये. शास्त्रज्ञ झाला तरी तो माणूसच. परंतु दोन डासांचा तो निबंध मात्र वादापलीकडे उभा राहिला, कारण त्यात जितके पाहिले तितकेच सांगितले होते.

आता याच्या उलट एक उदाहरण सांगते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या १८२३ साली स्थापन झालेल्या नामांकित नियतकालिकात बारा मुलांविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक डॉ. अँड्र्यू वेकफील्ड. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. पुढे चौकशीत निघाले, की त्या मुलांची निवड निबंधात भासविली तशी सहजगत्या झालेली नव्हती, आणि लस-उत्पादकांविरुद्ध दावा करू पाहणाऱ्या वकिलाकडून लेखकास पैसे मिळत होते, हे वाचकांना सांगितलेले नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. परंतु मधल्या बारा वर्षांत काय झाले? आईबाप भ्याले, मुलांना लस टोचून घेईनात, आणि २००८ साली इंग्लंड-वेल्समध्ये गोवराने पुन्हा ठाण मांडल्याचे जाहीर करावे लागले. निबंध मागे घेता येतो; गोवराने आजारी पडलेल्या मुलाचे दिवस मागे घेता येत नाहीत.

श्रोतेहो, एका निबंधात दोन डास होते आणि दुसऱ्यात बारा मुले. आकडा लहान असणे हा दोष नव्हे. लहान आकड्यावर मोठा डोलारा उभारणे आणि पायाखालचे झाकून ठेवणे, हा दोष होय.

आज वैद्यकीय निबंध पाठविताना जे नियम पाळावे लागतात, ते नवख्या माणसास जाचक वाटतात. १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले आणि त्यांनी निबंधाच्या मांडणीचे समान नियम ठरविण्यास आरंभ केला. निबंधात प्रथम प्रश्न मांडावयाचा, मग आपण काय आणि कसे केले ते, मग काय आढळले ते, आणि शेवटी त्याचा अर्थ. आढळले काय आणि मला वाटते काय, या दोहोंची सरमिसळ करावयाची नाही. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे तोच निबंध पाठवावयाचा नाही. ज्याने खरोखर काम केले त्याचेच नाव लेखक म्हणून घालावयाचे. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून कोणाचे नाव घालावयाचे नाही. पैसा कोणी दिला, ते उघड सांगावयाचे. औषधाची चाचणी असेल तर ती सुरू करण्यापूर्वीच नोंदवावयाची. आपल्या देशात अशी राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून चाचणीच गुंडाळून ठेवता येऊ नये, हा त्यातील हेतू.

आणखी एक नियम आहे. रुग्णांवर अभ्यास करण्यापूर्वी नीतिसमितीची अनुमती आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावयाची. हुसेन खानला आणे मिळाले. त्याला काय समजावून सांगितले गेले, हे विचारणारी समिती तेव्हा नव्हती. त्याही आधी, १८९५ साली, रॉस यांनी डास मेलेले पाणी पैसे देऊन माणसांना पाजून पाहिले होते. आजची कोणतीही समिती त्याला मान्यता देणार नाही, आणि देऊ नये. ज्याच्या रक्तावर आपले ज्ञान उभे राहते, तो माणूस आहे, नमुना नव्हे, हे शास्त्रालाही शिकावे लागले.

आता माझ्या विषयनिवडीचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता एका लहान गावच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांची निगा साध्या, स्वस्त उपायांनी कशी राखता येईल, याच्या नोंदी तिने दोन वर्षे ठेवल्या होत्या. त्यावरून लिहिलेला निबंध तिने माझ्यापुढे ठेवला. ‘बाई, शास्त्र राहू द्या, वाक्ये तेवढी स्वच्छ आहेत का पाहा,’ ती म्हणाली.

वाक्ये स्वच्छ होती. परंतु वाचताना मी एके ठिकाणी अडले. आरंभी रुग्णांची जी संख्या दिली होती, ती पुढच्या तक्त्यात कमी झाली होती. मुलांच्या वह्या तपासण्याची सवय. बेरीज जुळली नाही की माझे बोट तेथेच थांबते. मी विचारले, ‘अगं, उरलेले कोठे गेले?’

ती जरा घोटाळली. म्हणाली, ‘बाई, ते परत तपासायला आलेच नाहीत. एक वडीलधारे डॉक्टर म्हणाले, त्यांना मुळातूनच वगळ, म्हणजे निबंध सुबक दिसेल. वरचा आकडा बदलायचा माझ्याकडून राहून गेला.’

मी तिला उपदेश केला नाही. बेगमपेठेच्या त्या सहलीत तीही होती. मी एवढेच म्हटले, ‘तुझ्या दोन डासांतला एक तू उडवून लावते आहेस.’ ती हसली नाही. कागद गोळा करून घेऊन गेली.

पुढचे तिने मला नंतर सांगितले. वगळलेल्या रुग्णांना तिने निबंधात पुन्हा घेतले. ‘हे रुग्ण परत आले नाहीत’ असे स्पष्ट लिहिले. पहिल्या नियतकालिकाने निबंध आठ-दहा दिवसांतच साभार परत केला. दुसऱ्याने तो परीक्षकांकडे पाठविला. त्यातील एका परीक्षकाने, ज्याचे नाव तिला कधीच कळले नाही, नेमका तोच प्रश्न विचारला: जे परत आले नाहीत त्यांचे काय झाले? ती चिडली, रडलीही. मग जुन्या नोंदीतील पत्ते काढून तिने आणि तिच्या परिचारिकेने रविवारी गावोगाव फिरण्यास आरंभ केला. काही जण बरे होऊन मजुरीला परगावी गेले होते. काही भेटलेच नाहीत. एका म्हाताऱ्याच्या दारात मात्र ती थबकली. तो खाटेवर बसला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. जखम चिघळली तेव्हा बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून तो आला नाही, आणि अखेर दुसरीकडे पाय कापावा लागला. ‘डॉक्टरीणबाई, तुम्ही शोधत आलात?’ एवढेच तो म्हणाला.

निबंधातील यशाचा आकडा खाली आला. परंतु निबंधात एक नवी ओळ आली: दूरच्या रुग्णांसाठी उपचाराइतकीच येण्याजाण्याची सोय महत्त्वाची आहे. म्हातारा वगळला गेला असता, तर ती ओळही वगळली गेली असती. सुधारलेला निबंध अखेर स्वीकारला गेला. त्या रुग्णालयातील परिचारिका आता तपासणीला न आलेल्या रुग्णांच्या घरी जाते, असे मी ऐकते.

ज्यांचे निबंध परत येतात त्यांनी खचून जाऊ नये. देवीच्या लसीविषयीचे एडवर्ड जेनर यांचे पहिले टिपण १७९७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडून परत आले होते. त्यांनी आणखी निरीक्षणे केली आणि १७९८ साली तेवीस उदाहरणांचे पुस्तक स्वतःच छापले. नकार कधी अन्यायाचा असतो हे खरे. परंतु पुष्कळदा त्यात ‘आणखी पाहा’ असा निरोप असतो. मात्र परीक्षणावाचून, केवळ पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी दुकानेही आज निघाली आहेत. तेथे ‘आणखी पाहा’ असे कोणी म्हणत नाही, आणि जे नीट तपासलेले नाही तेच पुढे कोण्या रुग्णाच्या औषधपत्रात उतरते. फी घेणारे प्रत्येक नियतकालिक खोटे नसते. परंतु प्रश्नच न विचारणारे नियतकालिक हितकर नसते.

आपण बहुतेक जण वैद्यकीय निबंध लिहिणार नाही. परंतु आपल्या घरी कोणी आजारी पडतो तेव्हा डॉक्टर जे औषध लिहून देतो, त्याच्यामागे कोठेतरी, कोणीतरी लिहिलेला निबंध असतो. तो लिहिणाऱ्याने आपली बेरीज जुळविण्यासाठी कोणास वगळले नसेल, या विश्वासावर आपण ती गोळी गिळतो. म्हणून ज्यांची मुले आज वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत, त्या आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी निबंध लिहीत आहे असे कळले, की ‘छापून आला का?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘सगळे मोजलेस ना?’